सासऱ्यांचा हात आणि टीव्हीचा आवाज

माझे सासरे दाढी करतात. म्हणजे दुसऱ्यांची. स्वतःच्या दाढीला त्यांना वेळ मिळत नाही, अशी सासूबाईंची कायमची तक्रार आहे. दुकानात दोन खुर्च्या. एकीवर माझा मेहुणा मशीन फिरवून केस कापतो आणि दुसरीजवळ सासरे वस्तरा घेऊन उभे असतात. बोलणं मोजकं, पण हाताचा भारी अभिमान. "माझ्या वस्तऱ्यानं अजून रक्त पाहिलं नाही," असं त्यांनी मला लग्न ठरवायला गेलो तेव्हाच ऐकवलं होतं. त्या दिवशी मी ती धमकी समजलो होतो.

तर अशा माणसाच्या हातून शेजारच्या औषधवाल्याचा गाल कापला. फार नाही, तुरटी फिरवल्यावर भागलं. पण लगेच पुढच्या आठवड्यात चष्मेवाल्याची हनुवटी कापली आणि तिसरा नंबर माझा लागला. घरी गेल्यावर बायकोनं कानाखालचा कापूस पाहून विचारलं, "बाबांशी भांडलात का?"

दुकान म्हटलं की बातमीला पाय फुटतातच. म्हाताऱ्याचा हात थरथरतो, हे महिन्याभरात सगळ्या पेठेत झालं. रोजची गिऱ्हाइकं दारातून आत डोकावायची, सासऱ्यांची खुर्ची मोकळी दिसली की "नंतर येतो" म्हणून निघून जायची. मेहुण्यानं शेवटी धीर करून सांगितलं, "बाबा, पुढच्या महिन्यापासून वस्तरा बंद. तुम्ही गल्ल्यावर बसा." सासरे वस्तऱ्याचं पातं पुसत राहिले. ते पुसणं मला बघवलं नाही, खरं सांगतो.

त्यांचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं. हात ठीक आहे, टीव्ही बिघडलाय. हे ऐकून लोक तोंडावर हसायचे. नाचता येईना अंगण वाकडं, असं औषधवाला तर माझ्यासमोर म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं, पण जावयाला सगळंच बोलून चालत नाही.

इथं टीव्हीची जागा सांगायला हवी. तो खुर्च्यांच्या मागच्या भिंतीवर, वर टांगलेला आहे. गिऱ्हाईक त्याला समोरच्या आरशात बघतं, म्हणजे उलटा. सामन्याचा स्कोअर उलटा वाचायची सगळ्यांना इतकी सवय झालीय, की घरचा सुलटा टीव्ही बघताना चुकल्यासारखं होतं. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मग जुन्या केबलवाल्यानं धंदा आवरला आणि सगळ्या जोडण्या एका नव्या कंपनीकडे गेल्या. तेव्हापासून बातम्यांची बाई कानात कुजबुजल्यासारखी बोलू लागली. तिचं ऐकायला आवाज टोकाला न्यावा, तर जाहिरात लागली की भिंती हादरायच्या. घरी लोक रिमोट हातातच धरून बसायचे, दाढीला बसलेल्याच्या हातात तो कुठून असणार? वाहिनी बदलली की तिसरीच तऱ्हा. एका वाहिनीवर सगळी माणसं हिरवी, दुसरीवर आडवी ताणलेली. मधेच चित्र गोठायचं आणि बोलणाऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं.

आता वस्तऱ्याखाली बसलेल्या माणसाचं काय होणार? आवाज फुटला की तो उडी मारतो. चित्र गोठलं की आरशात काही झालं का टीव्हीत, हे बघायला मान मागे वळवतो. मान वळते, वस्तरा तिथंच असतो. सासऱ्यांनी हे मला सावकाश, वस्तरा मिटून, दोनदा समजावलं. माझ्या कानाखालची जखम आठवली तर खरंच जाहिरात लागली होती. साबणाची.

"मग टीव्ही बंद का करत नाही?" मी विचारलं.

"जावईबापू, इतकी वर्षं टीव्ही चालू असताना हा हात चालला. आता बंद केला की लोक म्हणतात तेच खरं ठरलं."

त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूचा झालो.

मग सुरू झालं तक्रारींचं पर्व. रोज दुकान उघडलं की सासरे फोन लावायचे. एक दाबा, चार दाबा, तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, मग बासरी. बासरीनंतर एक गोड मुलगी सांगायची, "सर, आमच्याकडून सगळं व्यवस्थित दिसतंय." तिकडून व्यवस्थित दिसतंय म्हणून काय ती इथं दाढीला येणार होती? दोनदा माणसं आली. दारात उभी राहिली, टीव्हीकडे पाहिलं, म्हणाली, "टीव्ही जुना झालाय काका," आणि चहा पिऊन गेली. पण सासऱ्यांच्या तोंडून 'समाधान झालं' हे आल्याशिवाय कंपनीला तक्रार मिटवता येत नव्हती आणि सासरे ते म्हणत नव्हते. चिवटपणात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

अखेर एका सकाळी कंपनीचे मोठे साहेब स्वतः आले. तरुण, हसतमुख, घाईत. गालावर दोन दिवसांची खुंटं. मी तिथंच बाकावर होतो, औषधवालाही होता, मेहुण्याच्या खुर्चीत एकजण केस कापून घेत होता.

"काका, टीव्ही तर छान चाललाय," साहेब म्हणाले. "समाधान झालं म्हणा, मी निघतो."

"म्हणतो की. बसा, तेवढी दाढी करून घ्या. आमच्याकडून."

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, साहेबांना घाई असेल..." पण साहेब बसले होते, गळ्याभोवती कापड लागलं होतं आणि ब्रश गालावर फिरायलाही लागला होता. मेहुणा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भावोजी, थांबवा ना त्यांना. साहेबाला लागलं तर दुकान गेलं!" मी त्याला गप्प बसवलं.

सासऱ्यांनी बातम्या लावल्या. हिरवी बाई कुजबुजू लागली. "ऐकू येतंय का साहेब?" "जरा वाढवा." सासऱ्यांनी आवाज टोकाला नेला आणि वस्तरा उघडला. उजवा गाल झाला. सुरेख झाला. मग वस्तरा गळ्यावर आला. साहेब आरशात बाईकडे बघत होते, आणि सासरे बाईचं ऐकत होते. ती म्हणाली, "कुठेही जाऊ नका, आम्ही लगेच परत येतो." तेवढ्यावर सासऱ्यांनी वस्तरा उचलला आणि गळ्यापासून वीतभर लांब, हवेत धरला.

जाहिरात फुटली. साहेब खुर्चीतून अर्धे उठले, फेसाचा फटकारा आरशावर बसला. औषधवाल्याच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. मेहुण्याचं मशीन गिऱ्हाइकाच्या कानावरून केसांचा एक पट्टा काढून गेलं. मीही बाकावरून घसरलो. दुकानात एकच गोष्ट हलली नव्हती, ती म्हणजे सासऱ्यांचा हात. वस्तऱ्याच्या टोकाला लोंबणारा फेसाचा थेंबसुद्धा पडला नव्हता.

सासऱ्यांनी टीव्हीचं तोंड बंद केलं. सगळे त्या थेंबाकडे बघत होते. हा सूर्य हा जयद्रथ म्हणतात ते याला.

साहेबांनी आपला गळा चाचपला. "काका," ते हळूच म्हणाले, "तुम्ही वस्तरा उचलला नसता तर?"

"तर तक्रार कंपनीकडे गेली असती, साहेब. माझ्याकडे नाही."

औषधवाला आधी हसला, मग सगळेच, मग साहेबही. माणूस दिलदार निघाला. "बरं, उरलेली दाढी करा," म्हणाले. सासऱ्यांनी वस्तरा मिटला. "आधी आवाज. मग दाढी."

अर्ध्या तोंडाला फेस लावून मोठ्या पदाचा माणूस फोन करतोय, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. ऑफिसचा सरळ नंबर लागेना, म्हणून त्यांनी आपल्याच कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. एक दाबा. चार दाबा. बासरी लागली तसे साहेबांचे कान लाल झाले. गोड मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडून सगळं व्यवस्थित दिसतंय." साहेब ओरडले, "इथं येऊन बस, मग दिसेल!" हे वाक्य आमच्या पेठेत आता म्हणीसारखं वापरतात.

शेवटी त्यांचा इंजिनिअर सापडला. त्यानं तिकडे पाहिलं आणि जरा वेळानं कबूल केलं, की प्रत्येक वाहिनीचा आणि जाहिरातींचा आवाज त्यांच्या केंद्रातच कमीजास्त राहिला होता, जोडण्या घेतल्यापासून कोणी सारखा केलाच नव्हता. चित्राचा दोष कोपऱ्यावरच्या गंजलेल्या पेटीत होता. शिडी घेऊन माणूस धावत आला, आणि गालावरचा फेस वाळून खपली धरेपर्यंत हिरवी बाई चारचौघांसारखी, माणसाच्या रंगाची दिसू लागली. सासऱ्यांनी वाहिन्यांमागून वाहिन्या फिरवल्या. बातम्या, गाणी, सामना, जाहिरात. सगळीकडे आवाज एकसारखा, एका घरातल्या माणसांनी बोलावं तसा.

मग ताजा फेस, आणि उरलेली दाढी. साहेबांनी गालावरून हात फिरवला आणि पुन्हा फिरवला. "काका, अशी दाढी माझी कोणी केली नव्हती."

"समाधान झालं," सासरे म्हणाले.

साहेब गेल्यावर औषधवाला उठून खुर्चीकडे निघाला. "आता माझा नंबर," म्हणाला, अगदी काही झालंच नसल्यासारखा. पण मेहुणा त्याच्या आधी पुढे आला. मशीन ठेवून, हात पुसून, तो बापाच्या खुर्चीत बसला. डोळे भरले होते ते आरशात आम्हाला दिसत होते, पण त्यानं मान वर केली आणि गळा पुढे दिला.

सासऱ्यांनी लेकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं, ब्रश फेसात बुडवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, आवाज जरा वाढवा."