खुंटीवरचा चष्मा

घरात मी कितीही ओरडलो तरी मांजरसुद्धा जागचं हलत नाही. पण आंबीच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे जुना कूलर द्यायला गेलो, तिथे माझा आवाज चढला.

तिथे गॅसकटरने लोखंड कापणाऱ्या कामगाराचा डावा डोळा मिटलेलाच होता. ठिणगी उडाली की तो मान तिरकी करायचा, मनगटाने गाल पुसायचा आणि पुन्हा कापू लागायचा.

"डोळ्याला काय झालं?"

"ठिणगी गेलती. आता त्यानं दिसत न्हाई."

त्याच्या मागेच खुंटीवर ठिणग्यांपासून डोळे वाचवायचा जाड काचांचा नवा चष्मा लटकत होता. खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्याचीही पूजा झालेली. काचांवर हळदकुंकू तसंच. मालक खुर्चीतूनच म्हणाला, "तपासणीला साहेब आले की देतो ना त्याला! रोज घातला तर काचा खराब होतात."

"आणि याचा उरलेला डोळा?" मी ओरडलो. चष्मा काढला, माझ्याच शर्टाने पुसला आणि त्याच्या हातात दिला.

त्याने चष्मा चढवला. मान पहिल्यांदाच सरळ ठेवली. मग मालकाकडे बघत हळूच विचारलं, "भाऊ, तुमी हितं किती वेळ थांबनार?"

माझं तिथलं काम तर केव्हाच संपलं होतं.