मागं बसवलेला रेडिएटर

केजला माझं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, मळणीयंत्रं, एवढीच माझी दुनिया. शर्यत म्हटलं की डोळ्यांपुढं बैलच यायचे. एक दिवस बीडच्या एक शिक्षिका टेम्पोवर जुनी, पोचे आलेली छोटी कार लादून माझ्या दारात आल्या.

"चिखलातल्या शर्यतीत उतरायचंय. इंजिन बांधून द्याल?"

"मॅडम, शर्यतीचं इंजिन मी जन्मात बघितलं न्हाई."

"मग दोघं शिकू. मी तरी कुठं शर्यत केलीय!"

दीड महिना मी त्या इंजिनाला चिकटलो. सिलेंडर बोअर केले, फ्लायव्हील छाटून हलकं केलं, एकेक गोष्ट चारदा तपासली. पिस्टन एका वजनाचे करायला सोनाराकडं नेले. काट्यावर ठेवताना तो म्हणाला, "कोणत्या राणीचे दागिने हे बे?" पहिल्यांदा चालू केलं तेव्हा बायको पिठाच्या हातांनी बाहेर धावत आली. "कावून एवढं बोंबलतंय ते?" मला मात्र तो आवाज लई गोड लागला.

नाशिककडच्या शर्यतीत तिसऱ्याच फेरीला गाडीनं वाफ सोडली. पुढच्या गाड्यांनी उडवलेला चिखल रेडिएटरवर थापला गेला, पाणी उकळलं, हेडचं गॅस्केट उडालं. मी मान खाली घालून म्हणालो, "माझं चुकलं मॅडम. चिखलाचा विचारच केला न्हाई." त्यांच्या चिखलानं माखलेल्या चेहऱ्यावर दातांशिवाय काही दिसत नव्हतं. त्या हसत होत्या. "अहो, दोन फेऱ्या कशी पळाली बघितलं का? पुन्हा बांधा."

घरी येऊन मी रेडिएटरपुढं जाळ्या लावून बघितल्या. जाळीही चिखलानं बुजायची. माझी बायको शिरूर कासारची. लग्नाआधी आईबापासोबत ऊसतोडीला जायची. तिनं वाकून रेडिएटरवरचा चिखल बोटानं खरवडला.

"ते पुढंच कावून ठेवलंय?"

"सगळ्या गाड्यांना पुढंच असतं."

"आमी बैलगाडीला पाण्याची घागर मागं बांधायचो. पुढं बांधली की बैलांच्या खुरांची माती तिच्यात जायची."

मी पाना खाली ठेवला. चार दिवसांत रेडिएटर डिकीत गेला, लांब पाईप टाकले, वारा लागावा म्हणून छताला खिडकी पाडली, विजेचा पंखा बसवला.

पुढच्या शर्यतीला बायकोला सोबत नेलं. पाच गाड्या वाफ सोडत बाजूला झाल्या. आमची पळतच राहिली. मॅडम दुसऱ्या आल्या, आणि मी एवढा ओरडलो की दोन दिवस घसा बसला.

पुण्याचा एक नामी मेकॅनिक डिकीत डोकावून विचारू लागला, "ही डोकॅलिटी कुणाची?"

मी बायकोकडं बोट केलं. ती लाजेल असं वाटलं होतं. पण तिनं पदर खोचला आणि ती त्याला पाईप कुठून कुठं नेलेत ते बोट लावून दाखवायला लागली.