रविवारची हजेरी

तुमच्या आळीत लष्करातून निवृत्त झालेला कोणी राहत असेल, तर त्याच्या घरात तुम्ही शेवटचे कधी गेलात? पंधरा ऑगस्टच्या सत्काराचं बोलावणं द्यायला गेला असाल, तर ते धरू नका.

मुरुडजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात असे सतरा-अठरा जण आहेत. बरेचसे आतल्या भातशेतीच्या गावांतून आलेले. चाळिशीत फौज सुटली, मग कोणी दिघी बंदराच्या गेटवर उभं राहिलं, कोणी उरणला कंटेनर हाकले. दर रविवारी सकाळी दहा वाजता ते मच्छीमार सोसायटीच्या बंद पडलेल्या बर्फ कारखान्याच्या ओट्यावर जमतात आणि खरीखुरी हजेरी घेतात. नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं. कोणी बाहेरगावी असेल, तर ज्याला माहीत असेल त्याने "रजेवर" म्हणायचं. यातलं काहीच ऐकू आलं नाही, तर दोघांनी उठून चहा यायच्या आत त्याच्या घरी जायचं.

हा नियम माझ्या वडिलांनी घातला. ते स्वतः हवालदार होते. या नियमामुळे एकजण विहिरीच्या काठावरून परत आला, हे मला माहीत आहे. त्या दिवशी त्याला कोणी उपदेश केला नाही. चौघं त्याच्या अंगणात संध्याकाळपर्यंत पत्ते खेळत बसले आणि तो चुकीचं पान टाकेल तेव्हा त्याला शिव्या घालत राहिले.

हजेरीची वही माझ्याकडे होती. आई अंगणवाडी सेविकांच्या मोर्च्याची पत्रकं घरी आणायची, ती वाचत मी मोठी झाले. घोषणा लिहून लिहून अक्षर ठळक झालं होतं, आणि ते या सगळ्यांना चष्म्याशिवाय दिसायचं.

गेल्या वर्षी गावाने एसटी स्टँडसमोर शहीद स्मारक बांधलं. उद्घाटनाला मोठा पुढारी येणार होता, आणि समितीला त्याच्या दोन्ही बाजूंना पदकं लावलेले माजी सैनिक हवे होते. समितीचा सेक्रेटरी तीन रविवार ओट्यावर येऊन त्यांच्याकडून रांगेत चालायची तालीम करून घेत होता.

"काका, जरा पोटं आत घ्या. फोटो येणारेत."

"पोट पेन्शनीतलं हाय बाबा, ते आत जात न्हाय," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

हसले नाहीत ते ड्रायव्हरकाका. त्यांनी फौजेत वीस वर्षं बर्फातून ट्रक नेले होते. दुसऱ्या रविवारी ते रांगेतून बाहेर पडले.

"मी वर रसद पोचवलीय. वरातीत नाचायला न्हाय आलो."

"काका, गावाच्या मानाचा प्रश्न आहे."

"मग त्या पुढाऱ्याला सांग, आधी आमच्या हजेरीला बस. मग मी उभा राहतो."

ते निघून गेले. मागून कोणीतरी म्हणालं, "नवरदेव रुसला." मीही हसले.

तिसऱ्या रविवारी मी त्यांचं नाव पुकारलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं, सेक्रेटरी घड्याळ दाखवत होता, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "रजेवर." दुसरा म्हणाला, "रुसव्याची रजा." हे त्यांनी दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. रुसलेल्या माणसाला सगळ्यांसमोर गैरहजर ठरवायचं नाही, ही त्यांची रीत होती. मला ती माहीत होती. काकी मुलीच्या बाळंतपणासाठी उरणला गेल्या होत्या, काका घरात एकटे होते, हेही माहीत होतं. तरी मी वहीत "र" लिहिला. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढचं नाव पुकारलं.

सोमवारी उद्घाटन झालं. मंचावर माजी सैनिकांसाठी मांडलेली एक खुर्ची रिकामी राहिली, म्हणून सेक्रेटरीने तिच्यावर आपल्या मेव्हण्याला बसवलं. कार्यक्रम संपल्यावर वडील त्या खुर्चीची शाल आणि नारळ घेऊन ड्रायव्हरकाकांकडे गेले. दाराला आतून कडी होती. माणसं बोलावून दार तोडावं लागलं.

काका मोरीत पडले होते. रविवारी सकाळी आंघोळ करताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. जिवंत होते.

अलिबागच्या इस्पितळात वडिलांनी विचारलं, "हाक का नाही मारलीस रे?"

"मारली की. रात्रभर मारली."

शेजाऱ्यांनी ती ऐकलीही होती. शेजारच्या घरातला माणूस पुढे मला सहज म्हणाला, "ते झोपेत ओरडतातच गं. कधीपासूनचं हाय. आम्हाला सवय झालीय."

अकराव्या दिवशी काका गेले. गावाने शोकसभा घेतली, फ्लेक्स लावला. त्यावर पुढाऱ्यांचे फोटो मोठे आणि काकांचा कोपऱ्यात, ड्रायव्हिंग लायसन्सवरून वाढवलेला, धूसर. एका वक्त्याने त्यांचा उल्लेख देशासाठी झिजलेला देह असा केला. तो शेजारी पहिल्या रांगेत बसून रुमालाने डोळे पुसत होता. काकींनी कोणालाच काही विचारलं नाही. त्यांनी विचारावं म्हणून मी दोनदा घरी गेले. त्यांनी चहा केला.

मी वही परत द्यायला गेले तेव्हा वडील म्हणाले, "ठेव तुझ्याकडेच. चुकलीस, आता पळू नको." आता ज्याची रजा त्यानेच फोन करून सांगायची. दुसऱ्याच्या तोंडची रजा मी लिहीत नाही, मग मागून कितीही टोमणे येवोत.

पण थकत चाललेली ही माणसं गावातल्या प्रत्येक दाराशी पोचणार नाहीत, आणि तुमच्या गावात तर हजेरीही नसेल. म्हणून तुमच्याकडे एकच मागते आहे. येत्या रविवारी तुमच्या आळीतल्या त्या माणसाच्या दारावर थाप मारा. शाल नेऊ नका, फोटो काढू नका. त्याने दार उघडलं तर आत जा आणि बसा. उघडलं नाही तर घरी परतू नका. माणसं गोळा करा आणि दार तोडा.