खालचा बोल्ट

गेलेली माणसं परत येतात तेव्हा म्हणे मोगऱ्याचा वास येतो, नाहीतर उदबत्तीचा. माझी बायको येते तेव्हा गिअर ऑइलचा वास येतो. ज्यांनी तो कधी घेतला नाही त्यांच्यासाठी सांगतो: नासकं अंडं आणि जळकं रबर एका डब्यात कोंडून ठेवलं तर जे होईल ते. ती गेल्यानंतर हा वास मला लिफ्टमध्ये यायचा, उशीवर यायचा, एकदा वरणभात कालवताना आला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. सगळी नोकरी बँकेत गेली, तिथे जिवंत माणसांवरही चटकन विश्वास ठेवत नाहीत. पण वास आला की मी हातातलं काम थांबवून वाट बघत बसायचो. कशाची, ते विचारू नका.

वासाचं कारण साधं होतं आणि ते मला माहीत होतं. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत खाली पार्किंगमध्ये तिची गाडी उभी असते. लाल, दोनच माणसांची, छप्पर उघडणारी, कुणीतरी हौसेनं परदेशातून आणलेली आणि नंतर हौस फिटल्यावर विकलेली स्पोर्ट्स कार. आमच्या नात्यात निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात. हिनं ही गाडी घेतली. कारखान्याच्या टूलरूममध्ये उभा जन्म मापं तपासण्यात गेलेली बाई, ती गाडी दुसऱ्याच्या हातात देणार नव्हतीच. तेलपाणी सगळं घरच्या घरी, पार्किंगमध्ये. ती गेल्यावर मी रोज संध्याकाळी त्या गाडीत जाऊन बसायचो, डावीकडच्या सीटवर, माझ्या जागेवर. गिअरबॉक्स गळत होता, त्याचा वास कपड्यांना लागायचा आणि मीच तिला वर घरी घेऊन यायचो.

गळती मी का थांबवली नाही, तर तिनं सांगितलं होतं म्हणून. ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी पहिल्यांदा गाडीखाली डाग बघितला आणि वर येऊन तिला सांगितलं. ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गळू द्या जी. हात नका लावू." मी खाली एक पुठ्ठा सरकवला आणि हात लावला नाही.

तिचं दुखणं नसांचं होतं. सुरुवात उजव्या हातातून झाली, ताकद जात गेली, मग बाकीचं शरीर त्या हाताच्या मागोमाग गेलं. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, "हातातली ताकद कधीपासून कमी वाटतेय?" ती म्हणाली, "दिवाळीपासून." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हो, दिवाळीपासूनच. चकलीचा सोऱ्या फिरवताना लक्षात आलं." अगदी साक्षीदारासारखा बोललो. पुढच्या दिवाळीला ती नव्हती. लवकर कळलं असतं तरी काही करता आलं नसतं, हे डॉक्टरांनी मला नंतर स्पष्ट सांगितलं. तरीही तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. एकाच पलंगावर, एकाच ताटाशी इतकी वर्षं काढलेल्या माणसाला "कधीपासून" याचं उत्तर तरी नीट ठाऊक असावं, एवढंच मला हवं होतं.

या हिवाळ्यात सोसायटीचा सेक्रेटरी दारात उभा राहिला. आयटीतला मुलगा आहे, सज्जन आहे, पण बोलतो नोटीस वाचल्यासारखा.

"काका, पार्किंगचं फ्लोअरिंग करतोय आपण. तुमच्या गाडीचं लीकेज फिक्स करून घ्या प्लीज. नाहीतर गाडी बाहेर रोडवर लावायला लागेल."

"रोडवर उसाच्या ट्रॉल्या जातात."

"म्हणूनच म्हणतोय काका."

शिवाय गाडीही कुरकुरायला लागली होती. बॅटरी मरू नये म्हणून मी ती अधूनमधून उसाच्या शेतांपर्यंत नेऊन आणायचो. दुसरा गिअर टाकताना आतून खरखर यायची आणि एक बारीक रडका आवाज कायमचा मागे लागलेला असायचा. तेल संपत आलं असणार. गॅरेजवाला म्हणाला, उचलून आणतो. मी नको म्हणालो. ज्या गोष्टीला तिनं मला हात लावू दिला नव्हता, तिथे परका हात लागावा हे मला सहन होईना. बघून बघून काम पाठ झालं होतं. मीच करायचं ठरवलं.

बघून म्हणजे, मी तिचा मदतनीस होतो. गाडी उचलून खाली लोखंडी टेकू लावले की ती पाठीवर सरपटत आत जायची. मग मला दिसायचे फक्त तिचे कॅनव्हासचे बूट आणि मधूनच बाहेर येणारा उजवा हात, तळवा वर केलेला. त्यावर मी पाना ठेवायचा. पुण्यात इतकी वर्षं काढून ती माझ्यापेक्षा शुद्ध बोलायची, पण गाडीखाली गेली की तिची माहेरची वऱ्हाडी सुटायची. "चोवीसचा द्या जी. हा नाही, काहून देता हा?" गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात. वरच्यातून तेल भरायचं, खालच्यातून सोडायचं. तिचा नियम होता, आधी वरचा उघडायचा, मगच खालचा. खालून सगळं सोडून दिलं आणि वरचा उघडलाच नाही तर गाडी रिकामी घेऊन बसाल. दुसरा नियम लावण्याचा होता: घट्ट, पण रागानं नाही. बोल्टखाली तांब्याची चपटी चकती बसते, वायसर. त्या चकत्या ती कसबा पेठेतल्या एका तांबटाकडून बनवून घ्यायची. तो दर वेळी म्हणायचा, "ताई, कधीतरी बंब न्या, घागर न्या, हे काय नेता?" बोल्ट आवळला की तांबं दबतं आणि वाट बंद होते. जास्त आवळला तर चिरतं.

शेवटचं तेल तिनं त्याच दिवाळीआधीच्या उन्हाळ्यात बदललं. तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मदतनिसाच्या जागेवरून माझी बढती झाली. जुनं तेल निथळून झालं, मी पाना घेऊन तयार, तर आतून आवाज आला, "तुम्ही वर जा जी, च्या मांडा." आम्ही पुण्यात चहा टाकतो, ती मांडायची. हात धुतल्याशिवाय कधी चहा न घेणारी बाई मधेच चहा मागते, म्हणजे उकडलं असेल, असं मला वाटलं. कप घेऊन खाली आलो तेव्हा खालचा बोल्ट लागलेला होता. ती चाकाला टेकून बसली होती, डाव्या मनगटानं घाम पुसत. मी पंपानं नवं तेल भरलं. मग ती म्हणाली, "वरचा आज तुम्ही लावा." मी आत गेलो आणि अशी ताकद लावून आवळला की ती बाहेरून म्हणाली, "पुरे. राग काढून राहिले का जी त्याच्यावर?" पुढे महिनाभर मी भेटेल त्याला सांगत होतो की इतक्या वर्षांनी आम्हाला हत्यार हातात मिळालं.

तर या हिवाळ्यात, दुपारी, सोसायटी जेवून आडवी झालेली असताना मी गाडीखाली गेलो. माझ्या वयाला न शोभणाऱ्या बऱ्याच गोष्टी मी केल्या आहेत, त्यात ही भर. आत अंधूक होतं आणि तो वास इतका जवळ होता की क्षणभर श्वास घ्यावासा वाटेना, मग सोडावासा वाटेना. बोल्ट सापडले. आणि मी काहीही विचार न करता उजवा हात गाडीबाहेर काढला, तळवा वर करून. हात तसाच राहिला. पार्किंगमध्ये कुठेतरी नळ ठिबकत होता. मला खरंच वाटलं होतं की हातावर पाना येईल. हे आज लिहितानाही लाज वाटत नाही. शेवटी पाना मीच शोधला, चाकाशी पडला होता.

आधी वरचा. तो हलेना. मी लावलेला होता ना. पान्याला पाइप जोडला, पाय टेकवून ओढला, तेव्हा बंदूक उडाल्यासारखा आवाज करून सुटला. त्याखालचं तांबं पार चिरलेलं होतं. माझं मलाच हसू आलं. मग तीच तयारी करून खालच्याला पाना लावला, दात आवळले, ओढला, आणि पाना नुसता फिरला. मला वाटलं, निसटला. काढून पुन्हा लावला, पुन्हा तसाच. मग पाना बाजूला ठेवला आणि बोल्टला दोन बोटं लावली. तो बोटांनी फिरला. डब्याच्या झाकणासारखा निघाला आणि उरलंसुरलं काळं तेल माझ्या मनगटावरून वाहत गेलं. त्याची तांब्याची चकती मी अंगठ्यानं पुसून बघितली. तांबटानं दिली तशीच होती. कुठे दबलेली नव्हती, की ओरखडा नव्हता.

मी तसाच पडून राहिलो. चहा उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात तिनं इथे काय काय केलं असेल ते मला दिसायला लागलं. उजव्या हातानं ओढून बघितलं असेल. मग डाव्यानं. मग दोन्हींनी. टूलरूममधली बाई, बोल्ट सैल राहिलाय हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? आणि मला हाक मारायची नाही, म्हणून मला चहाला पाठवलेलं. म्हणजे उन्हाळ्यापासून. त्यापुढचा सगळा पावसाळा, सगळा गणपती. लोणच्याची बरणी मी उघडायची, नारळ मी खवायचा, मोदकांच्या पाऱ्या मी करायच्या. "शिका जी आता," म्हणायची. मी शिकत होतो आणि खूश होतो. डॉक्टरांसमोर मी दिवाळीची साक्ष दिली तेव्हा ती माझ्या शेजारी बसून ऐकत होती.

मला तिचा राग आला. गेलेल्या माणसावर चिडायचं नसतं, असं लोक म्हणतात, पण त्यांच्या माणसांनी त्यांना चहा करायला पाठवलेलं नसतं. मी गाडीखाली पडून तिला मोठ्यानं विचारलं, काहून? तिच्याच भाषेत. उत्तर कुठून येणार. वास मात्र होता.

नवी चकती घालून बोल्ट हातानं बसवला, पाना लावला आणि थांबलो. रागानं नाही, असा नियम होता. मग राग जाईपर्यंत पडून राहिलो. बराच वेळ गेला. पाठ गार पडली, वर कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्या झाल्या. नंतर रडू आलं, आणि त्यानंतर आवळला. तेल भरलं, वरचाही लावला.

बाहेर आलो तेव्हा सेक्रेटरी ऑफिसची बॅग लावून उभा होता. त्यानं पुठ्ठ्याकडे बघितलं, माझ्या शर्टाकडे बघितलं.

"काका, स्वतः केलंत? कुठून गळत होतं?"

"खालचा बोल्ट सैल होता."

"कुणी लावला होता असा? सोडू नका त्या मेकॅनिकला."

"मीच लावला होता," मी म्हणालो.

तो जरा ओशाळला. मग मायेनं म्हणाला, "काका, जमत नव्हतं तर सांगायचं ना कुणाला तरी. एकट्यानं कशाला करत बसायचं?"

"हो," मी म्हणालो. "सांगायला हवं होतं."

मग पुठ्ठा उचलला, हात न धुताच वर गेलो आणि चहा मांडला.