घर पुन्हा लावताना

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. लग्न होऊन राजुरीच्या मळ्यात आले तेव्हापासून मीही तेच म्हणते. गेल्या काही वर्षांत आत्यांची आठवण उसवत गेली. माहेरच्या, पारगावच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या ते त्या सांगत, पण सकाळी जेवण झालं की नाही ते सांगता येत नसे. नारायणगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे करू नका, त्या खुणांवरच यांचं चाललंय. म्हणून आमच्या घरात काहीच जागचं हलत नव्हतं. पूर्वेच्या भिंतीला त्यांची लोखंडी कॉट, पायथ्याशी पेटी, पेटीला लागून गव्हाची कोठी, समोर भांड्यांची मांडणी. कोठीवरून हात फिरवत त्या मोरीपर्यंत एकट्या जायच्या. कुणाला हाक मारावी लागत नसे.

वादळ आलं ते एप्रिलमध्ये, दुपारच्याला. आमचे हे पिकअप घेऊन मार्केटला गेलेले. मी लग्नसराईचे ब्लाऊज शिवत बसले होते. आळेफाट्याच्या बाजूनं धुळीचा लोट आला आणि खोलीत एकदम अंधारलं. आमच्या घराला स्लॅब फक्त स्वयंपाकघरापुरता आहे, बाकी सगळे पत्रे. मी आत्यांचा दंड धरून त्यांना आत ओढलं आणि दार लोटतेय तोच बाहेरच्या खोलीत लांबलचक कापड टर्रकन फाटावं तसा आवाज झाला. फटीतून पाहिलं तर खोलीत लख्ख उजेड पडला होता. वर आभाळ दिसत होतं, आणि पाऊस सरळ कॉटवर, मशीनवर, शिवायच्या कपड्यांवर पडत होता.

आत्या शांत होत्या. म्हणाल्या, "कुणाच्या घरावरलं पत्रं गेलं गं?"

"आपल्याच, आत्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची थट्टा करतेय.

रस्त्यात झाडं पडल्यामुळे ह्यांना यायला संध्याकाळ झाली. आल्या आल्या आधी आईला पाहिलं, मग वर पाहिलं. त्या रात्री आम्ही तिघं स्वयंपाकघरातच पडलो.

सकाळी ऊन पडलं तसं सगळं सामान ओढून अंगणात काढलं. भिजलेली गोधडी माणसाएवढी जड होते. एका टोकाला मी, दुसऱ्याला शेजारची जाऊ, अशा आम्ही पिळत होतो. कोठीतला वरचा गहू फुगून आंबूस वास मारत होता, खालचा कोरडा निघाला. तो ताडपत्रीवर पसरला. टीव्ही उलटा केला तर पाणी गळायला लागलं, तो तसाच बाजूला ठेवला. मला खरा घोर होता तो लोकांच्या कापडांचा. एका मरून कापडाचा रंग उतरून शेजारच्या पोपटी पीसवर पसरला होता. ते पीस एका नवरीच्या आईचं होतं. तिला काय सांगायचं, ते मनातल्या मनात जुळवत मी कापडं दोरीवर टाकत होते.

आत्यांना ओट्यावर बसवलं होतं. आपलीच कॉट, आपलीच पेटी अंगणात उघडी पडलेली पाहून त्या घाबरल्या. "ह्यांच्यात कुणी गेलं का?" असं जावेला विचारलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या बाईनं समदं बाहेर काढलंय. मला माझ्या घरी सोड." मी जवळ जाऊन समजावलं. त्यांनी हात झटकून टाकला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. दिवसभर त्या तेच म्हणत राहिल्या.

ह्यांनी आणि भावकीतल्या दोघांनी शेतं धुंडाळून पत्रे गोळा केले. कुठला वाकलेला, कुठला चिरलेला. काही सापडलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीन उघडून बसले होते. बॉबिन बसते त्या शटलवर गंज चढायला लागला होता, चाक फिरत नव्हतं. पिकअपमधलं थोडं डिझेल काढून ते फडक्यानं पुसत होते. सहज मान वर केली तर ओटा रिकामा.

आधी स्वयंपाकघरात पाहिलं, मग मोरीत, मग गोठ्यामागे. हाका मारल्या. विहिरीवर धावले. पाण्यावर पाला आणि मोडलेली फांदी तरंगत होती. मी वाकून पाहिलं, परत निघाले आणि परत येऊन पुन्हा पाहिलं. नीट पाहिलं की नाही, हेच कळेना. विहिरीच्या पलीकडे ऊस. आठवड्यापूर्वीच त्या उसाच्या कडेनं बिबट्यानं जावेची शेळी उचलली होती.

हाका ऐकून हे धावत आले. म्हणाले, "घरी जायचं म्हणत व्हती ना? पारगावच्या रस्त्याला लागली असंल." आणि पिकअप घेऊन गेले. वीज नव्हती, कुणाच्याच फोनला चार्जिंग नव्हतं. ते गेले म्हणजे आता परत येईपर्यंत काही कळणार नव्हतं. जाऊ ताट वाजवत एका बाजूनं निघाली, मी दुसऱ्या बाजूनं उसाच्या बांधानं. पानं सळसळली की मी थांबायचे. आपण मशीन पुसत का बसलो, एवढं एकच डोक्यात चाललं होतं.

तिसऱ्या शेताच्या बांधावर त्या दिसल्या. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर, आणि बसल्या होत्या एका पत्र्यावर. पत्र्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवले होते.

"आत्या, हितं काय करताय?"

"पत्रं उडालं असतं गं. मी बसले म्हणून ऱ्हायलं."

"कुणाचं पत्रं?"

"कुणाचं का असंना. ज्याचं असंल त्याच्या घरात पानी व्हत असंल."

मी त्यांच्याशेजारी त्या तापलेल्या पत्र्यावर बसले. किती वेळ बसले, आठवत नाही. चला म्हटलं तर त्या उठेनात. मालक आल्याशिवाय उठायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं. शेवटी मी म्हणाले, "आमचंच हाय, आत्या. न्यायला आले मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, "मग एकटी कशी नेशील? धर तिकडनं."

पत्र्याची धार हाताला लागू नये म्हणून त्यांनी पदराचा बोळा केला, मलाही करायला लावला. पुढं त्या, मागं मी, असा आम्ही तो पत्रा बांधाबांधानं घरी आणला. मध्ये दोनदा खाली ठेवून दम घेतला. मी एकटीच उचलते म्हटलं तर त्या ऐकेनात. अंगणात आलो तेव्हा हे रस्त्यावरून हात हलवत परत आले होते. आम्हाला पाहून ते पिकअपच्या फाळक्याला टेकले आणि बराच वेळ तोंड पुसत राहिले.

पुढं काही जुने, काही नवे पत्रे घालून छप्पर झालं. ह्या वेळी हूक जास्त मारले. मशीन मी जुन्नरला नेलं. तिथल्या मुसलमान कारागिरानं शटल बदललं, बाकीचे भाग साफ केले आणि म्हणाला, "भाभी, लगेच डिझेल लावलंत म्हणून वाचलं." पोपटी पीस घेऊन नवरीच्या आईकडे गेले. तिनं ते उलटसुलट केलं आणि घरात घेऊन गेली. चहा दिला, पण नंतर पुन्हा माझ्याकडे शिवायला काही टाकलं नाही.

घर लावायला बसलो तेव्हा मी आणि हे एकेका वस्तूवरून वाद घालत होतो. पेटी कॉटला टेकून होती की वीतभर सोडून? मांडणीच्या मधल्या फळीवर तांब्या होता की कळशी? रोज डोळ्यांसमोर असलेलं ऐन वेळी आठवेना. सगळं झाल्यावर आत्यांना आत आणलं. त्यांनी कोठीवर हात ठेवला. कोठी पडून एका बाजूला चेपली होती. त्या खड्ड्यात त्यांची बोटं गेली आणि त्या जागीच थांबल्या. मोरीकडे वळल्या नाहीत. मला वाटलं, आता पुन्हा घरी सोड म्हणतील.

"लई भिजलं का गं तुमचं?" त्यांनी विचारलं.

"भिजलं थोडं. वाळवलं."

"बरं केलं," म्हणाल्या, आणि कॉटवर जाऊन बसल्या.

त्या आता आमच्याकडे पाव्हण्यासारख्या राहतात. चहा दिला की "कशाला तरास घेतला" म्हणतात. मोरीपर्यंत त्यांना मी हात धरून नेते. कधी खुशीत असल्या की गहू निवडून देतात. आणि वारा सुटला, पत्रे कुरकुरले, की मी मशीन थांबवते. आधी आत्या आत आहेत ना ते पाहून दाराला कडी घालते, मग वर बघते.