डबीला विचारू नका

माझी सून गुणी आहे, असं मी चारचौघांत म्हणत नाही. म्हटलं की लोक लगेच म्हणतात, "तुमच्या मुलाने नशीब काढलं हो!" नशीब कसलं डोंबलाचं? त्याने काही काढलं नाही. ती त्याच्याशी भांडायला आली होती, आणि भांडण लांबलं म्हणून लग्न झालं.

आमचे चिरंजीव डोंगरावरून पॅराग्लायडिंग शिकवतात. पाठीला दोऱ्या, डोक्यावर रंगीत कापड, आणि धडधाकट माणसाने कड्यावरून धावत सुटायचं. सून तेव्हा मोबाइलच्या कंपनीत होती. आमच्या डोंगराच्या आसपासचे टॉवर दुपारी उगाचच गजबजलेले दिसायचे, म्हणून चौकशीला आली. बघते तर हे सगळे उडाणटप्पू खिशात फोन चालू ठेवून वर जातायत. "तुमचा एकेक फोन वर गेला की चाळीस टॉवरांना त्रास देतो," ती त्याला म्हणाली. हा म्हणाला, "मग टॉवर जरा लांब न्या." झालं, तिथून सुरुवात.

पुढे घरात आल्यावर भांडी पुसता पुसता तिने मला सगळं समजावलं. जमिनीवर घरं आड येतात, डोंगर आड येतात, त्यामुळे फोनला दोन-तीन टॉवर ऐकू येतात. त्यातला बरा धरून तो गप बसतो. वर आडोसाच नाही. लांबलांबचे सगळे एकदम ऐकू येतात, पण धड एकही नाही, कारण टॉवरांची तोंडं खाली माणसांकडे वळवलेली. मग फोन याला सोड, त्याला धर करत बसतो आणि बॅटरी संपवून मोकळा होतो. मी म्हटलं, "म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी." ती हसली. "इथे तर चाळीस घरं आहेत, आई."

एकदा बाहेरगावचा एक उडणारा भलत्याच दरीत उतरला. फोन मेलेला. सापडेपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यानंतर बाईसाहेबांनी चांगली नोकरी सोडली, उड्डाणशाळेच्या मागच्या खोलीत टेबल टाकलं आणि एक डबी करायला घेतली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, आत सिमकार्ड. मी चिडले होते, खोटं कशाला सांगू? पण तिचं काम बघितलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा आपोआप थांबला. तिला उंचीची भयंकर भीती वाटते. तरी प्रत्येक नवी डबी मांडीवर घेऊन ती स्वतः नवऱ्याबरोबर वर जायची, डोळे मिटून. खाली आली की शेडमागे जाऊन ओकायची, चूळ भरायची, डबीत काहीतरी बदलायची आणि परत वर. मी म्हटलं, "अगं, जिवाचे हाल कशाला? त्याच्याकडे दे, तो नेईल." म्हणे, "वर गेला की त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, डबीकडे कोण बघणार?" हे मात्र शंभर टक्के खरं.

डबीला तिने वळण लावलं होतं. झोपून राहायचं. मधूनच उठायचं, जो टॉवर धरलाय त्यालाच 'मी इथे आहे' एवढं सांगायचं, निरोप आहे का बघायचं, परत झोपायचं. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तेवढ्यापुरता एक ठिपका उमटतो. एक बटणही आहे, 'सतत'. ते दाबलं की पुढच्या वेळी उठल्यावर डबी बोलतच राहते. माणूस हलला की लगेच दिसतं. पण बॅटरी भराभरा उतरते.

त्या दुपारी विद्यार्थी उतरले होते आणि चिरंजीव एकटेच वर मजा मारत होते. वारा फिरला. बघता बघता तो कड्यापलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. मी शाळेतच होते. त्याला फोन लावला, बंद. परत लावला. लावतच राहिले.

पडद्यावर ठिपका आला. कड्यापलीकडच्या उतारावर, झाडीत. बाजूला बॅटरी लिहिलेली, नऊ टक्के. दिवटे चिरंजीव डबी चार्ज करायलाच विसरले होते.

शोधपथकाचे प्रमुख धावत आले. भला माणूस, पण आवाज असा की खिडक्या हलाव्यात. "सतत चालू करा," ते म्हणाले. "तो हलतोय की नाही, तेवढं तरी कळू दे."

"तुमची माणसं तिथे कधी पोचतील?" सुनेने विचारलं.

"या वाऱ्यात कडा उतरता येत नाही. वारा पडल्यावर निघू. संध्याकाळ होईल."

"मग नाही. डबी त्याच्या आधीच मरेल. तो तिथून हलला तर तुम्ही कुठे शोधणार?"

हलतोय की नाही! माझ्या डोक्यात तेवढंच घुमत होतं. माझं पोर जिवंत आहे का, हे त्या एका बटणात होतं, आणि ही बया ते दाबत नव्हती. मी ओरडले, "अगं, दाब ना! नवरा आहे तुझा! काळीज आहे की दगड?" शाळेतली सगळी माणसं बघायला लागली. ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून पडद्यासमोर बसून राहिली.

दुसरा ठिपका आला. तिथेच. तिसराही तिथेच. वारा थोडा पडला तसं पथक निघालं. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि या वेळी हात जोडले. "बाळा, थोडा वेळच चालू कर. मग बंद कर."

"एकदा चालू झाली की ती माझं ऐकेलच असं नाही, आई. तिकडे टॉवर धड मिळत नाही." तिचा आवाज इतका बारीक आला की मी जोडलेले हात खाली घेतले.

पुढच्या ठिपक्याची वेळ झाली. ठिपका आला नाही. कोणी पाण्याचा पेला आणून ठेवला, तो तसाच राहिला. मग वायरलेसवर पथकाचा निरोप आला. प्रमुखांचा तो एवढा मोठा आवाज, पण दबलेला. कापड झाडाला अडकलंय, पट्टे कापलेले आहेत, आणि खाली कोणीच नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. पुढे काय करायचं?

 टेबलाला धरून मी खुर्चीतून उठले. आणि ठिपका उमटला. खूप खाली, ओढ्यात. चार टक्के.

ती ताडकन उभी राहिली आणि पथकाला जागा सांगायला लागली. डावीकडून उतरा, ओढ्याकडे जा. आवाज असा खणखणीत, जणू काल रात्री छान झोप झाली होती. पथक उतरेपर्यंत ठिपका आणखी दोनदा सरकला, ओढ्याच्या वळणापलीकडे. शेवटच्या वेळी एक टक्का उरला होता. तिथेच एका खडकाच्या खाली तो सापडला. पाय मोडलेला, फरपटत पाण्यापर्यंत आलेला, डबी छातीच्या खिशात. तोवर त्याची शुद्ध हरपली होती, हाकांना उत्तर देणार कोण? त्या खडकावरून पथक दहादा गेलं असतं तरी तो दिसला नसता, असं प्रमुख स्वतः म्हणाले.

दवाखान्यात पायाला प्लास्टर घातल्यावर चिरंजीवांचा पहिला प्रश्न, "माझं कापड जास्त फाटलंय का?" मी प्लास्टर नसलेल्या पायावर एक चापट मारली आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर सून बसली होती. तोंड धुतलेलं, केस ओले. मी तिच्याजवळ बसले आणि तिचा हात हातात घेतला. म्हटलं, "तुझ्यासारखी धीराची बाई मी जन्मात बघितली नाही गं."

"मी कसली धीराची?" तिने मान हलवली. हात थंडगार पडला होता तिचा. "आई, तो झाडापाशी नाही असं कळलं ना, तेव्हा तुम्ही अजून एकदा म्हणाला असतात, तर मी दाबलं असतं."

 तेच म्हणायला तर मी खुर्चीतून उठले होते.