काकांचा हत्ती आणि माझा केक

आपल्यावर उपकारही करायचे आणि वर आपल्यालाच चिडायला लावायचं, ही कला जगात एकाच माणसाला साधली होती आणि तो माणूस माझ्या नशिबाने मुलुंडला आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर राहत होता. सगळी सोसायटी त्यांना काका म्हणायची. मीही म्हणायचे, पण मनातल्या मनात त्यापुढे जे जोडायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. इतकी वर्षं झाली, तरी अजून वाण्याकडे कुरमुऱ्याचे लाडू दिसले की माझं डोकं तापतं. नवरा म्हणतो, आता सोड की. का सोडू? केक कोणाचा होता?

काका मूळचे मालवणकडचे. तीस वर्षं एका ओतकामाच्या कारखान्यात वाळूचे साचे भरत होते. लाकडाचा नमुना वाळूत दाबायचा, वाळू ठोकून घट्ट करायची, नमुना अलगद काढायचा आणि त्या पोकळीत तापलेलं लोखंड ओतायचं, हे त्यांचं काम. कारखाना बंद पडला आणि काका घरी बसले, पण कारखाना काही त्यांच्या अंगातून गेला नाही. काकूंनी इडल्या केल्या तर हे चमच्याने एकेक इडली वाजवून बघायचे, आत पोकळ तर नाही ना. गणपतीच्या मोदकांचा साचा त्यांनी कानशीने घासून दिला, कारण त्याच्या कडांना उतार नव्हता. उतार नसला की आतली वस्तू सुटताना ओरखडते म्हणे. त्या वर्षीचे मोदक सुरेख सुटले, फक्त ते मोदकांसारखे दिसत नव्हते, आणि आरतीला आलेली माणसं प्रसाद हातात घेऊन एकमेकांकडे बघत होती. एकदा काकू भात शिजत ठेवून बाहेर भाजी घ्यायला गेल्या, तर यांनी भातात तारेने वीसेक भोकं पाडून ठेवली. काकूंनी कपाळाला हात लावला. "वाफेक वाट नको?" हे वर त्यांनाच विचारत होते.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन दोन, आणि केक करणारी मी एकटी. दादरला क्लास लावून शिकले होते. गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन, नऊ इंची डबा, बिनअंड्याचा केक, वर लोण्याच्या आयसिंगचे गुलाब. माझ्या गुलाबांची पाकळीन् पाकळी मोजून घ्यावी अशी असायची. आणि अशात मला घाटकोपरच्या एका भाभींची ऑर्डर आली. मुलाचा पाचवा वाढदिवस, माणसं दीडशे. ही ऑर्डर झकास झाली की घाटकोपरात केकवाली म्हणून माझं नाव होणार होतं. मला एवढंच हवं होतं, दुसरं काही नाही. फक्त मुलाला केकवर हत्ती हवा होता, चांगला उभा, सोंड वर केलेला.

मे महिना. लोण्याचा हत्ती केला की अर्ध्या तासात गुडघ्यावर यायचा. तीन हत्ती बसले, चौथ्याची सोंड बशीत पडली, आणि मी रडकुंडीला येऊन जिन्यात उभी राहिले. तिथे काका भेटले. हे नेमके जिन्यातच भेटायचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगो, लोणी कधी उभा रवता काय? कुरमुरे हाड."

मी मुकाट कुरमुरे आणले, तीच चूक झाली. काकांनी ते दोन चाळण्यांमधून चाळले, कारण दाणा एकसारखा नसेल तर अंग सफाईदार येत नाही. मग भाजले. गुळाचा पाक केला, त्यातला थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून गोळी टण्ण वाजेपर्यंत कोणाला बोलू दिलं नाही. एव्हाना काकांनी लाकडात कोरलेला साचाही तयार होता, हत्तीचा पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा अशा दोन भागांचा. साच्याचं सागवान कुठून आलं हे काकूंना जेवायला बसताना कळलं, तेव्हा त्यांचा माहेरचा पाट जागेवर नव्हता. काकांनी साच्याला तुपाचा हात लावला आणि तो चटके देणारा पाक-कुरमुरा उघड्या तळव्यांनी दाबून भरला. मी नुसतं बघत होते तर माझेच हात पोळले. हत्ती निघाला. खोटं कशाला बोलू, सोंडेपासून शेपटीपर्यंत देखणा निघाला. काकांनी तो चमच्याने वाजवला, कान लावून ऐकला आणि माझ्या केकवर ठेवला.

पुढचे दोन पाय केकवर, मागचे दोन बाहेर लटकलेले.

आता ऐका. काकांनी माझा नऊ इंची डबा कॅलिपरने मोजून नेला होता. हत्ती बरोब्बर त्या मापाचा कोरला असता तर प्रश्नच नव्हता. पण तापलेली वस्तू निवली की आकसते, म्हणून साचा मुळात थोडा मोठा करायचा असतो, हे यांच्या रक्तात. लोखंड फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसतं, ते त्यांना पाठ. गुळाचा अनुभव कोणालाच नव्हता, तर यांनी आपल्या मनाने इंचामागे दोन सूत धरलं. म्हणजे हत्ती सव्वाअकरा इंच. आणि कुरमुरे तसूभरही आकसत नाहीत, हे मुलुंडमधलं शेंबडं पोरही सांगेल.

"साचा जोडावर तासा, हत्ती आखूड होईल," मी म्हटलं.

"साच्याक हात लावायचो नाय," काका म्हणाले. "वस्तू निवली काय आकसताच. उद्यापर्यंत वाट बघ."

दुसऱ्या दिवशीही हत्ती तेवढाच. दुपारी घाटकोपरला निघायचं, म्हणून मी साडी नेसायला आत गेले. दहा मिनिटं, जास्त नाही. बाहेर येते तो काय, काकांनी माझा गोल केक मधोमध कापून दोन्ही तुकडे एकापुढे एक जोडलेले, वरून आयसिंग फासलेलं आणि हत्ती चारी पायांवर मजेत उभा. माझे गुलाब सुरीला लागून वाटीत पडले होते. काका सुरी पुसत शांतपणे म्हणाले, "केक काय, कापूचोच असता."

त्या वाढदिवसाला दीडशे माणसांनी हत्ती बघितला. मुलाने तो मिठी मारून धरला आणि कापू दिला नाही. निघताना भाभी म्हणाल्या, "हाथी तो एकदम मस्त है. केक भी अच्छा है." केक भी! तो 'भी' मी आजतागायत विसरलेले नाही. घाटकोपरात माझं नाव झालं, पण कसलं, तर हत्तीवाली. त्यानंतर ज्या ऑर्डरी आल्या त्या हत्तीच्या, सशाच्या, मोराच्या. माझा केक म्हणजे त्यांच्या पायाखालचा पाट झाला. आणि घरी आले की हा माणूस जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेला असायचा. लोक काय म्हणाले, आवडलं का, काही नाही. एकच प्रश्न: "तडो गेलो नाय मां?" तडा गेला नाही, म्हटलं की उठून घरात जायचे.

शेवटी मी भांडलेच. साचा तासा, नाहीतर उद्यापासून माझ्या केकवर तुमचं जनावर चढणार नाही. ते ऐकेनात. महिनाभर मी नुसत्या गुलाबांचे केक केले आणि जिन्यात मान फिरवली. मग एका दुपारी काकू वर आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "कारखाना बंद झाला तेव्हा हे सहा महिने हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते गो. तुझ्या हत्तीपासून उठले. आता परत तसेच बसलेत." मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटायला लावलं म्हणून रागही आला. संध्याकाळी खाली जाऊन दोन किलो कुरमुरे त्यांच्यासमोर आपटले. पुढची चार वर्षं केक मी करायचे, तो कापून लांब करायचे ते काका, आणि प्रत्येक वेळी मी चिडायचे.

नंतर काका आजारी पडले. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. "बघ, मी निवलंय," म्हणाले. "देवान साचो करताना आकसण्याचो हिशोबच धरूक नाय." गावी जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तीन जिने चढून वर आले, कठड्याला धरत. हातात हत्तीचा साचा आणि पटाशी. साच्यावर जोडाजवळ पेन्सिलीने रेघ मारून आणलेली. "ह्या रेघेपर्यंत तासून घे," म्हणाले. "तुझ्या केकवर बसात." चार वर्षं ज्यासाठी भांडले ते हा माणूस आता, जाताना, कबूल करत होता. मला इतका संताप आला की मी साचा तेवढा ठेवून घेतला, पटाशी परत त्यांच्या हातात कोंबली आणि दार लोटून आत जाऊन रडले.

साचा मी तासला नाही. पत्र्याचं काम करणाऱ्याकडे जाऊन सव्वाअकरा इंची लांबट डबा करायला टाकला. मनात होतं, गावी पत्र घालून कळवायचं की केक आता कापावा लागत नाही. डबा तयार होऊन घरी आला त्याच आठवड्यात काकूंचं कार्ड आलं, काका गेले.

पहिला लांब केक मी त्या डब्यात केला. कुरमुरे चाळले, भाजले, पाकाची गोळी टण्ण वाजवली, हात पोळून घेतले. हत्ती चारी पायांवर बरोब्बर बसला. मी तो चमच्याने वाजवूनही बघितला. ऑर्डर पोचवून परत आले तर जिन्याची पहिली पायरी रिकामी होती. तडा गेला नव्हता हो, अजिबात गेला नव्हता, आणि हे विचारायला हा माणूस तिथे बसलेला नव्हता, म्हणून जिन्यात एकटीच उभी राहून मी त्यांच्यावर भयंकर चिडले.